उभ्याने करायचं काम

४ जून

प्रिय मिरची,

पाकीट बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. आपल्या वयात पत्र आलं की आधी तीच शंका येते, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकते.

काम असं आहे. आपल्या अंड्यांच्या वखारीला यंदा पन्नास वर्षं होतायत. मोठे मालक गेल्यापासून धाकटे मालक सगळं बघतात. त्यांनी मोठा समारंभ ठरवलाय, स्मरणिका काढायचीय, आणि तिच्यातला 'माझी पहिली नोकरी' हा भाग माझ्या गळ्यात घातलाय. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी वखार काही मला सोडत नाही बघ.

तू तिथे चारच महिने होतीस, मला माहीत आहे. पण आपण दोघी एकाच दिवशी लागलो, तू पंधरा वर्षांची आणि मी सतरा. सख्ख्या बहिणींनी केलं नसतं इतकं आपण मावसबहिणींनी तिथे एकमेकींचं केलं. तुझं एक पान हवंच. जरा गोड लिही. अंधारात गुणगुणायचो ते लिही, डब्यांची अदलाबदल लिही. उभं राहण्याचं वगैरे काढू नकोस. धाकट्या मालकांनी प्रस्तावनेत लिहिलंच आहे, की मुलींचे पाय दुखतात हे पाहून मोठ्या मालकांनी स्वतःहून स्टुलं आणून दिली. त्यामुळे तो विषय झालेला आहे.

महिनाअखेरपर्यंत पाठव. सर्वांना आशीर्वाद.

तुझी ताई

१२ जून

ताई,

नमस्कार. गोड हवं होतं तर मिरचीला कशाला सांगितलंस गं? पण आता सांगितलंस ना, मग घे. खाली माझं पान आहे. काना-मात्रा सुधार, बाकी हात लावायचा नाही.

"माझी पहिली नोकरी अंधारात होती. खोलीला खिडकी नाही, दाराला जाड काळा पडदा. भिंतीलगत लांब टेबल, त्यावर बारा पेट्या, प्रत्येकीत एक दिवा आणि समोर अंड्याहून लहान एक भोक. त्या भोकाला अंडं लावायचं आणि मनगटाने अर्धा वळसा द्यायचा. उजेड आरपार जातो आणि आतलं सगळं दिसतं. ताज्या अंड्यातलं पिवळं जागचं फारसं हलत नाही, शिळ्यातलं डुचमळतं. रक्ताचा ठिपका दिसला की अंडं बाजूला. केसाएवढी चीर असली तरी ती उजेडाची रेघ होऊन चमकते, तेही बाजूला. ट्रेमधून एका हातात दोन आणि दुसऱ्या हातात दोन अशी चार उचलायची, बोटांतल्या बोटांत फिरवायची. मला ते आठ दिवसांत जमलं. पंधराव्या दिवशी मी सगळ्यांच्या पुढे होते. कुणाला ही फुशारकी वाटली तर खुशाल वाटो.

काम उभ्याने करायचं. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, मध्ये जेवणाचा अर्धा तास. खोलीत टेकायला एक फळकूट नव्हतं. आमचा मुकादम घाऱ्या डोळ्यांचा होता, त्याला आम्ही बोका म्हणायचो. तो म्हणायचा, 'पोरी अंधारात बसल्या की पेंगतात.' स्वतः मात्र बाहेर खुर्चीत घोरायचा. घरी पोहोचेपर्यंत आमच्या पायांचे खांब झालेले असायचे. एके दिवशी माझ्या शेजारची मुलगी चक्कर येऊन टेबलाखाली गेली. बोक्याने आधी तिचा ट्रे बघितला, मग तिला.

त्या संध्याकाळी घरी जाताना मी आणि माझ्या मावसबहिणीने ठरवलं, उद्या दोघींनी बसायचं. दुसऱ्या दिवशी तिला ताप आला. तिच्या धाकट्या भावाने तसा निरोप आणला. मग मी एकटीच बसले. एक लाकडी खोकं उभं केलं, त्यावर टेकले, दिवा बरोबर डोळ्यांसमोर आला आणि हात उलट जास्त भरभर चालायला लागला! तासाभरात आणखी तिघींनी खोकी ओढली. तेवढ्यात बोका आला. त्या तिघी उठल्या. मी उठले नाही. 'ऊठ,' म्हणाला. मी म्हटलं, 'माझा माल तपासा. एक जरी खराब अंडं सुटलं असेल तर उठते.' त्याने माल काही तपासला नाही. खोक्याला लाथ घातली. मी खाली आणि ट्रे माझ्या अंगावर.

मला त्याच घटकेला काढलं. मागाहून वखारीत कागद झाला, की मी रागाच्या भरात अंडी फोडली. गल्लीभर माझं नाव 'अंडीफोडी' पडलं. काचेच्या भांड्यांच्या दुकानात काम मागायला गेले तर मालकाने मला उंबऱ्यावरच थांबवलं. वर्षभर कुणी दारात उभं केलं नाही. पुढे मी चष्म्याच्या दुकानात एकतीस वर्षं भिंगं घासली, एकावर चरा पडू दिला नाही. पण माझी आई जाईपर्यंत म्हणत राहिली, 'हिच्या हातात काही टिकत नाही.'

माझ्या हातून त्या वखारीत एकही अंडं फुटलेलं नाही. आणि मला काढल्यावर आठ-दहा दिवसांत तिथे बारा स्टुलं आली. ती मालकांनी दिली हे खरं. स्वतःहून दिली नाहीत. मी बसले म्हणून द्यावी लागली."

संपलं. छाप.

मिरची

२२ जून

प्रिय मिरची,

पान मिळालं, दोनदा वाचलं. दिव्याचं आणि अंड्यांचं वर्णन इतकं छान उतरलंय, की मला तो शेणामातीचा वाससुद्धा आला.

पण अगं, मोठे मालक गेले, बोकाही गेला. गेलेल्या माणसांची उणीदुणी काढून आता काय मिळवायचंय? समारंभाला त्यांच्या घरची लेकरंबाळं असणार. म्हणून मी थोडी काटछाट केलीय, राग मानू नकोस. मधला भाग असा केलाय: "काम उभ्याने असे, पण वय लहान असल्याने थकवा जाणवत नसे. पुढे स्टुलंही मिळाली. चार महिन्यांनी घरच्या अडचणीमुळे मी नोकरी सोडली." आणि शेवट दिव्यावर. फार सुरेख वाटतो.

मला काहीच आठवत नाही असं समजू नकोस हं. तो ट्रे आधी टेबलाच्या कडेवर आपटला आणि मग खाली आला, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. पण आता उगाळून उपयोग काय? झाकली मूठ सव्वा लाखाची. तू एवढं 'हो' कळव, म्हणजे मी छापायला देते.

तुझी ताई

२८ जून

ताई,

'थकवा जाणवत नसे'! कुणाच्या पायांबद्दल लिहितेस गं? संध्याकाळी माझ्या मांडीवर पाय टाकून 'दाब दाब' म्हणून रडायचीस ती तूच ना? आणि 'घरच्या अडचणीमुळे' म्हणे. घरची अडचण नोकरी गेल्यावर सुरू झाली, आधी नाही.

ते राहू दे. मुद्द्याचं विचारते.

ट्रे आधी टेबलाच्या कडेवर आपटला. बरोबर आहे, तसाच आपटला. पण हे मी माझ्या पानात लिहिलेलं नाही. पुन्हा काढून बघ. मी नुसतं 'ट्रे माझ्या अंगावर' एवढंच लिहिलंय. कडेवर आपटला हे मला माहीत, बोक्याला माहीत, आणि त्या घटकेला त्या खोलीत जो कुणी होता त्याला माहीत. तू तर घरी तापाने फणफणली होतीस. मग तुझ्या कानात तो आवाज कुठून गेला?

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ताई. आपण तर अंड्यांच्या वखारीतल्या बायका, आपल्याला हे कुणी सांगायला नको.

खरं लिही. फोन करू नकोस. फोनवर तू रडतेस, मी ओरडते आणि मूळ गोष्ट तशीच राहते.

मिरची

१९ जुलै

ताई,

तीन आठवडे झाले. तुझ्या मुलाला विचारलं, तर म्हणाला, आई ठणठणीत आहे, रोज वखारीत जाते. म्हणजे हातपाय चालतायत. मग लिही.

मिरची

२ ऑगस्ट

मिरची,

चार पत्रं लिहिली आणि फाडली. हे पाचवं. हे फाडणार नाही.

ताप नव्हता. त्या सकाळी मी आईला सांगून बसले, की आज आम्ही दोघी बसणार आहोत. आई म्हणाली, 'दोघींना काढलं तर दोन्ही घरं बसतील. तू मोठी आहेस, तू तरी शहाणी हो.' मी शहाणी झाले. भावाला खोटा निरोप देऊन पाठवलं. पण घरात जीव रमेना, म्हणून तासाभराने आलेच. पडदा सारून आत शिरले आणि दाराशीच अंधारात उभी राहिले. तू पाठमोरी होतीस, खोक्यावर ताठ बसलेली. शेजारी जाऊन बसायला चार पावलं होती गं. चार. तेवढ्यात बोका मला घासून आत गेला. त्याने लाथ मारलेली मी पाहिली. ट्रे त्याच्या लाथेने पडला. तू पडलीस तेव्हा मी पडद्याबाहेर पळाले.

चार दिवसांनी मोठ्या मालकांनी बोलावलं. कागद आधीच लिहून ठेवला होता. 'सदर मुलीने रागाच्या भरात ट्रे फोडला.' बोका म्हणाला, 'ही दाराशी होती, हिने पाहिलंय.' मालकांनी मला काही विचारलंच नाही, नुसतं पेन पुढे केलं. मग म्हणाले, 'मुलींना स्टुलं द्यायचं माझ्या मनात आहे, पण आधी हे प्रकरण मिटलं पाहिजे.' मी साक्षीदार म्हणून सही केली. हात जरासुद्धा कापला नाही. मला त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

पुढच्या आठवड्यात स्टुलं आली. बोका गेल्यावर मला मुकादम केलं. अडतीस वर्षं मी तिथे बसून काम केलं. मावशी तुला 'हिच्या हातात काही टिकत नाही' म्हणायची, तेव्हा कितीदा तरी मी समोर असायचे. एकदाही तोंड उघडलं नाही.

काल तुझं मूळ पान, एक अक्षर न बदलता, धाकट्या मालकांपुढे ठेवलं. वाचून हसले. म्हणाले, 'ही तर काढून टाकलेल्या बाईची तक्रार आहे. हिला पुरावा काय? बाबांच्या कपाटात तो कागद आहे, साक्षीदाराच्या सहीचा.' सही कुणाची आहे, ते त्यांनी पाहिलेलं दिसत नाही. आणि मी गप्प बसले. पुन्हा गप्प बसले, मिरची. मला माफ कर.

ताई

९ ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस मी घरात कुणाशी बोलले नाही. नवरा घाबरला. म्हणाला, 'डॉक्टरला बोलावू का? तू इतकी शांत कधी नसतेस.'

माफी नाही. निदान आत्ता तरी नाही. आईला आता कोण जाऊन सांगणार? माझ्या हातचा कप घेतानाही ती दोन्ही हात पुढे करायची, मी सोडीन म्हणून. मरेपर्यंत. तुला ते दिसत होतं. ते काही तू मला परत देऊ शकणार नाहीस, तेव्हा रडगाणं नको.

तू सतरा वर्षांची होतीस, घाबरलीस. ठीक आहे. सतराव्या वर्षी माणूस घाबरतं, माझेही पाय थरथरत होते, म्हणूनच तर बसले. पण एक ऑगस्टला तू पासष्ट वर्षांची होतीस. तेव्हा कुणाला घाबरलीस? बोक्याला? तो मेला. नोकरी जाईल म्हणून? ती संपून दहा वर्षं झाली. पुरावा काय म्हणून विचारतो तो! पुरावा त्याच्यासमोर खुर्चीत बसून मान डोलवत होता.

आता ऐक. माझं पान फाडून टाक. खरंच फाड. मी बोलले तर ती तक्रार, इतपत तो धाकटा बरोबर आहे. तू बोललीस तर ती साक्ष. 'माझी पहिली नोकरी' तू लिही, तुझ्या नावाने. जे पाहिलंस ते आणि जी सही केलीस ती.

नाही जमलं तर राहू दे. अंडीफोडी म्हणून मी अठ्ठेचाळीस वर्षं जगले, मान वर करून जगले, पुढेही जगेन. पण मग मला परत 'गोड लिही' म्हणून पत्र टाकू नकोस. खोटं गोड मला पचत नाही.

मिरची

३० ऑगस्ट

मिरची,

परवा समारंभ झाला. पत्रासोबत एक सुटं छापील पान आहे. ते आधी वाच, मग पुढचं.

"माझी पहिली नोकरी. मी सतरा वर्षांची असताना ह्या वखारीत अंडी तपासायला लागले. काम उभ्याने करायचं होतं. पहिल्यांदा बसली ती माझी मावसबहीण, तेव्हा पंधरा वर्षांची. मुकादमाने तिच्या खोक्याला लाथ मारली. त्या लाथेने ट्रे पडून तीस अंडी फुटली. ती तिने फोडली नाहीत. मी दाराशी उभी होते, मी पाहिलं. ती तिने फोडली असं सांगणाऱ्या कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. ती साक्ष खोटी आहे. इथली स्टुलं ती बसली म्हणून आली. मी त्यांवर अडतीस वर्षं बसले." खाली माझं पूर्ण नाव आणि हुद्दा.

हे स्मरणिकेत नाही. धाकट्या मालकांना दाखवलं तर म्हणाले, 'ताई, वयामुळे तुम्हाला भलतंसलतं आठवायला लागलंय.' मी म्हटलं, बरं. तिथून निघाले ती थेट नाक्यावरच्या छापखान्यात. चारशे प्रती काढल्या. स्मरणिका पाकिटात घालून पाकिटं चिकटवायचं काम माझ्याकडेच होतं. माझ्या हाताखालून गेलेला माल तिथे कुणी पुन्हा तपासत नाही! चारशे पाकिटं आणि प्रत्येकात एक पान.

भाषणं चालू असताना मागच्या रांगांनी पाकिटं फोडली. कुजबुज सुरू झाली. धाकटे मालक मंचावरून उतरून सरळ माझ्याकडे आले.

'हे कुणी घातलं?'

'मी.'

'का पण? बाबांनी तुमचं काय वाईट केलं होतं?'

'माझं काहीच नाही,' म्हटलं. 'म्हणूनच तर मी गप्प होते.'

त्यांनी माणसं पाठवली, पानं गोळा करा म्हणून. आपल्या वेळच्या पाचजणी आल्या होत्या. तुझ्या शेजारची, ती चक्कर येऊन पडलेली, आता चांगली धिप्पाड झालीय. तिने पान घडी करून खुर्चीवर ठेवलं आणि त्यावर ऐसपैस बसली. माणसाला म्हणाली, 'उठव आता.' तो बिचारा पुढच्या रांगेकडे गेला. पुष्कळांनी पानं परत दिली, खोटं कशाला सांगू. पुष्कळांनी दिलीही नाहीत.

मला गाडीने घरी सोडणार होते, ते कुणी सोडलं नाही. चालत आले. वाटेत दोनदा कठड्यावर टेकले. मुलगा चिडलाय, म्हणतो, या वयात नसती उठाठेव. मी त्याला म्हटलं, त्या वयात केली असती तर या वयात करावी लागली नसती.

माफ कर असं पुन्हा लिहीत नाही.

ताई

५ सप्टेंबर

ताई,

पान मिळालं. नवऱ्याला वाचून दाखवलं, सुनेला दाखवलं. चष्म्याच्या दुकानात जाऊन तिथल्या पोरांना दाखवलं. काचेच्या भांड्यांचं दुकान अजून आहे, आता नातू बसतो गल्ल्यावर. पानाची झेरॉक्स काढून त्याच्या हातात ठेवली. तो म्हणाला, 'आजी, हे काय?' मी म्हटलं, 'वाच आणि भिंतीला लाव.' घरी येऊन आईच्या फोटोसमोर उभी राहिले आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा वाचलं. शेवटपर्यंत वाचलं.

सगळं माफ केलं असं समजू नकोस. त्यावर मला अजून पोटभर भांडायचंय, आणि ते कागदावर होत नाही. येत्या रविवारी ये. पायांचं कारण सांगू नकोस, गाडी कर. राहायच्या तयारीने ये, एका दिवसात आटपणार नाही.

पण तुझ्या पानात एक चूक आहे. ती सुधारून परत छाप. तीस नाहीत. सव्वीस.

चार माझ्या हातांत होती. खोकं सरकलं, मी पडले, कोपर फुटलं, ट्रे अंगावर आला, पण बोटं हलू दिली नाहीत. अंधारात गुडघ्यांवर उठले, ती चार अंडी टेबलावर नीट ठेवली आणि मग बाहेर गेले. तू तोवर पळाली होतीस, म्हणून तुला दिसलं नाही. हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही, आईलासुद्धा नाही. अंडीफोडीवर कुणी विश्वास ठेवला असता?

एकाला चीरही गेली नव्हती. चारही चांगली होती. मी तपासली होती.

तुझी
मिरची